नऊ कळस

‘सगळं एकसारखंच तर वाजतं!’ असे म्हणून फुल-ऑन सायकेडेलिक ट्रान्सची बोळवण करणाऱ्यांशी माझे पटत नाही. हे संगीत कानात कोंबून जिना चढणाऱ्या माझ्या भाच्याशीही पटत नाही. दोन्हीकडून बोलणी खाणे हा मध्यमवर्गीयाचा धर्मच आहे. तो पाळून चार शब्द सांगतो.

आधी पहिल्या पक्षाचा समाचार. 1990 च्या आगेमागे गोव्यात हणजुणच्या किनाऱ्यावर परदेशी पाहुणे ज्या संगीतावर रात्र-रात्र नाचत, त्याचे पुढे ‘गोवा ट्रान्स’ असे बारसे झाले. लष्करातली सक्तीची नोकरी संपवून गोव्याला येणाऱ्या इस्रायली तरुणांनी ते घरी नेले, आणि त्या दशकाच्या अखेरीस तिकडे त्याचे हे धष्टपुष्ट रूप तयार झाले. होममेगा या तिथल्या कंपनीने तर ‘फुल ऑन’ याच नावाची संकलने काढली. मिनिटाला साधारण 145 ठोके, आणि दर दोन ठोक्यांच्या फटीत खर्जातले तीन स्वर. ठोका आणि खर्ज एकमेकांच्या पायात न येता बसवणे हे सोनाराचे काम आहे, लोहाराचे नव्हे. आणि एकसारखेपणाचे म्हणाल, तर हरिनाम सप्ताहात टाळ सात दिवस तसाच वाजतो. ‘टाळ जरा बदला हो बुवा,’ असे कुणी म्हटल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

शिवाय संकलन ही चीज मुळात उपकारकच. आठ-नऊ कलावंतांची सात-आठ मिनिटांची एकेक रचना एका सीडीवर. ज्याच्या नावावर सबंध सीडी निघण्याजोगे काम अजून नाही, त्या नवख्यालाही नामवंतांच्या पंक्तीत पाट मिळतो. म्हणजे आपला दिवाळी अंकच की!

आणि इथेच दुसऱ्या पक्षाशी माझे भांडण सुरू होते. दिवाळी अंकाला संपादक असतो. तो लेखानंतर कविता, कवितेनंतर व्यंगचित्र अशी पाने लावतो. नऊ रहस्यकथांची शेवटची पाने तेवढी फाडून त्यांचा अंक बांधत नाही. फुल-ऑनची बरीचशी संकलने नेमके हेच करतात. प्रत्येक रचना रात्र ऐन रंगात आलेल्या घटकेसाठी घडवलेली. मध्येच ठोका थांबतो, सूर वर वर चढतो, ढोल घाईला येतो आणि धाडकन् ठोका परत येतो. पहिल्यांदा अंगावर काटा येतो. दुसऱ्यांदा मान डोलते. सहाव्यांदा ती कुकरची शिट्टी होते. आपण नुसती मोजत बसतो. 74 मिनिटांच्या सीडीत 10,730 ठोके होतात. हा गुणाकार मी सीडी चालू असतानाच केला. ऐकणाऱ्याला गुणाकार सुचू लागला, की मैफल बसली म्हणून समजावे.

‘मामा, पार्टीत ऐक, मग कळेल,’ असे भाचा म्हणतो. अगदी मान्य! पण पार्टीत त्या घटकेआधी कित्येक तास गेलेले असतात. कॅलिफोर्नियात जन्मलेला आणि 2023 मध्ये निवर्तलेला गोवा गिल हा डीजे एकेका कार्यक्रमात 24 तासांपर्यंत एकटा वाजवीत असे. रात्र चढवायची कशी आणि पहाटेला उतरवायची कशी, हेच तर त्या धंद्यातले कसब. संकलनकर्ता ती रात्र टाकून देतो आणि शिखर तेवढे उचलतो.

आता तर सीडीही बहुतेक घरांत माळ्यावर गेली. एका गाण्यासारखे दुसरे शोधून मोबाइलच अखंड वाढत बसतो, आणि फुकट. मग सारखी गाणी गोळा करायला माणूस हवा कशाला? माणूस हवा तो ‘आता जरा थांब’ म्हणायला. तेव्हा संकलनकर्ते हो, आरंभी एखादी संथ रचना घाला, मध्ये श्वासाला जागा ठेवा, शेवटी थोडी पहाट होऊ द्या. पाया नाही, गाभारा नाही, नुसते नऊ कळस ओळीने मांडले, तर त्याला देऊळ म्हणत नाहीत. भांड्यांचे दुकान म्हणतात.