हँडल आहे, चाके नाहीत

काही शौक असे असतात की पाहणारा आधी हसतो आणि मग हळूच विचारतो, "एक चक्कर मारू का?" स्वित्झर्लंडमधल्या ग्रिंडेलवाल्ड गावाचा 'वेलोगेमेल' त्यातलाच. वेलो म्हणजे सायकल आणि गेमेल म्हणजे तिथल्या बोलीत बर्फावरची घसरगाडी. लाकडाची सायकलच समजा. सीट आहे, हँडल आहे, पण चाकांच्या जागी एकामागे एक अशा दोन लाकडी पट्ट्या, खालून लोखंडाने मढवलेल्या. पेडल नाही, चेन नाही, ब्रेकसुद्धा नाही! उतारावर बसायचे आणि सुटायचे. हँडल फिरवले की पुढची पट्टी वळते. थांबायचे असेल तर बुटांच्या टाचा बर्फात रोवायच्या.

पण ही गाडी खेळणे म्हणून जन्मली नाही. गावात ख्रिस्टियान ब्यूलमान नावाचा लाकूडकाम करणारा माणूस होता. तो पायाने अधू होता. एरवी सायकलवर त्याचे निभत असे. पण हे गाव 1034 मीटर उंचीवर, आयगर पर्वताच्या पायथ्याशी. हिवाळ्यात रस्ते बर्फाखाली गेले की सायकल भिंतीला टेकून राहणार आणि तिचा मालकही घरात अडकणार. हातात हुनर होते, लाकूड होते. 1911 मध्ये त्याने ही गाडी तयार केली आणि तिचे पेटंटही घेतले.

आम्हाला यातली खरी गोष्ट बर्फ वाटत नाही, हँडल वाटते. आपल्यापैकी जी कुटुंबे गुलमर्गला जाऊन आली, त्यांनी लाकडी स्लेजवर बसून फोटो काढलेच असतील. तिथे दोरी दुसऱ्याच्या हातात असते. आपण सामानासारखे बसून राहतो. पायाने अधू माणसाच्या वाट्याला घरातही बहुतेक हेच येते. "तू बस बेटा, आम्ही आणतो," असे अम्मी-अब्बा म्हणतात, भाऊ उचलून नेतात. त्यात प्रेमच असते. पण कुठे वळायचे आणि कधी थांबायचे हे ठरवणारे मात्र तेच! ब्यूलमानने ते आपल्या हातात घेतले.

आणि गंमत पाहा, धडधाकट लोकांनाही ती हवीशी वाटली. टपालवाले तिच्यावरून फिरू लागले, मुले शाळेत जाऊ लागली. 1996 पासून तर गावात तिची जागतिक स्पर्धा भरते. जवळच्या बुसआल्पहून, म्हणजे सुमारे 1800 मीटर उंचीवरून, घसरवाट खाली गावाकडे येते.

हँडल धरून बर्फावर उतरण्याचा नाद एकट्या या गावाचा नाही. अमेरिकेत 1892 मध्येच अशा एका गाडीचे पेटंट निघाले होते. पुढे ऑस्ट्रियात 'स्कीबॉब' आली. तिच्यावर बसणारा पायांतही आखूड स्की बांधतो. तिची पहिली जागतिक स्पर्धा 1967 मध्ये ऑस्ट्रियातच बाड होफगास्टाइन इथे झाली. वेगाच्या वेड्यांनी ती ताशी 160 किलोमीटरच्याही पुढे नेली. आम्हाला मात्र ब्यूलमानची संथ लाकडी गाडीच जास्त आवडते. आज एक पाय गमावलेले, गुडघे निकामी झालेले, उभ्याने तोल न सांभाळता येणारे लोकही स्की-बाइकवर डोंगर उतरतात. स्कीवर उभे राहायला शिकताना जिथे माणूस दहादा आपटतो, तिथे सायकल चालवणाऱ्याला निदान हँडल तरी ओळखीचे असते. तरीही काही बर्फमैदानांवर अशा गाड्यांना अजून परवानगी मिळत नाही. स्कीवाल्यांना हा खरा खेळच वाटत नाही, त्याला काय करणार?

आपल्याकडचे पुष्कळ लोक स्वित्झर्लंडला जातात ते 3454 मीटरवरच्या युंगफ्राउयोख स्टेशनासाठी. ग्रिंडेलवाल्ड त्याच वाटेवर आहे आणि हिवाळ्यात तिथे वेलोगेमेल भाड्याने मिळते. वर न्यायला बस आहे. घरातून निघताना मजबूत टाचांचे बूट तेवढे आठवणीने घाला. ब्रेक तेच आहेत.