यंत्र मेले नव्हते, नोंद चुकली होती



मागे एका रविवारी संध्याकाळी आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत एक मुलगी लॅपटॉप छातीशी धरून आली. सोबत तिची आई. वडील अंबडच्या एमआयडीसीत कामाला, आई चार घरची धुणीभांडी करते, मुलगी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. भिशीच्या पैशातून घेतलेला जुना लॅपटॉप सुरू होत नव्हता. काळ्या पडद्यावर एकच ओळ येई, 'नो बूटेबल डिव्हाइस'. एका दुकानात दाखवला, तर सांगण्यात आले, "हार्डडिस्क गेली. नवी टाकायला साडेतीन हजार. आतलं काही मिळणार नाही." आत मुलीचा प्रकल्प अहवाल होता आणि वडिलांच्या प्रॉव्हिडंट फंडाच्या कागदांच्या प्रती होत्या. आई म्हणाली, "भाऊ, पैशाचं बघू कसंतरी, पण तिचं वर्ष वाया जाऊ नये."

आम्ही पडलो कारकून, इंजिनिअर नव्हे. पण कचेरीत एक सवय लागली आहे. फाईल सापडत नाही म्हणून कोणी ओरडले, की आम्ही आधी विचारतो, शेवटचा हात कोणाचा लागला होता? तोच प्रश्न मुलीला केला. ती खाली मान घालून म्हणाली, "काका, मी आणि मामेभावाने त्यात लिनक्स टाकायला घेतलं होतं."

त्यात लाजण्यासारखे काहीच नव्हते. विंडोज १० चा नेहमीचा सांभाळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबला आणि तिचा जुना लॅपटॉप विंडोज ११ घेत नव्हता. अशा यंत्राला लिनक्स हा चांगला आधार आहे. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली ते सुरू केले. ते फुकट मिळते आणि त्याची प्रत दुसऱ्याला देणे हा गुन्हा नाही. आपल्याकडे सी-डॅक या सरकारी संस्थेने त्यावरूनच 'बॉस' नावाची प्रणाली केली, आणि केरळच्या सरकारी शाळांतून मुले कित्येक वर्षे लिनक्सवर शिकत आहेत.

आता लॅपटॉप सुरू होतो कसा, ते पाहा. बटण दाबले की आधी जागा होतो तो यंत्रातच कायमचा बसवलेला छोटा प्रोग्राम. जुन्या यंत्रांत त्याला बायोस म्हणत, नव्यात यूईएफआय म्हणतात. तो डिस्कच्या एका छोट्या कप्प्यात जाऊन 'बूटलोडर' शोधतो. लिनक्सच्या बूटलोडरचे नाव बहुधा 'ग्रब' असते. हा ग्रब म्हणजे कचेरीतले आवक-जावक रजिस्टर समजा. कोणती प्रणाली कोणत्या कपाटात आहे, हे तो सांगतो. रजिस्टर हरवले तर फाईल सापडत नाही, पण म्हणून फाईल जळाली असे होत नाही. 'नो बूटेबल डिव्हाइस' याचा अर्थ इतकाच, की सुरुवात कोठून करायची ते यंत्राला सापडले नाही. डिस्क खरोखर गेली तरी हीच ओळ येते, म्हणून आधी तपासायचे.

आम्ही लिनक्स मिंटचा पेनड्राइव्ह लावला. मिंट डिस्कवर न टाकताही पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येते. पाच मिनिटांत पडदा उजळला. डिस्क उघडली, तर अहवाल जागेवर, कागद जागेवर. सगळे दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवून घेतले. आईने इतका वेळ धरलेला श्वास तेव्हा सोडला.

मग चूक शोधली. कोणत्या तरी व्हिडिओत सांगितले म्हणून मामेभावाने यंत्राच्या सेटिंगमध्ये यूईएफआय बदलून 'लेगसी', म्हणजे जुनी पद्धत, केली होती. विंडोज मात्र यूईएफआय पद्धतीने बसलेले. त्यामुळे लिनक्स टाकताना शेवटी 'ग्रब बसवता आला नाही' असा संदेश आला. पोरांनी तो न वाचता यंत्र पुन्हा सुरू केले, आणि लिनक्सही नाही, विंडोजही नाही, अशी गत झाली.

आम्ही सेटिंग पुन्हा यूईएफआयवर नेले. विंडोज लगेच सुरू झाले! मग बूट मेनू उघडला. त्यासाठी सुरू होताना एफ१२, एफ९ किंवा एस्केप यांपैकी एक बटण दाबावे लागते, कंपनीप्रमाणे ते बदलते. तेथे पेनड्राइव्हचे नाव कधी कधी दोनदा दिसते. ज्याच्यापुढे यूईएफआय लिहिले आहे तेच निवडायचे. मिंटमध्ये 'बूट रिपेअर' नावाचे साधन तयारच असते. मोबाईलचे इंटरनेट जोडून ते चालवले. त्याने ग्रब योग्य जागी बसवला. खर्च शून्य.

असेच आणखी काही संदेश घाबरवतात. 'ग्रब रेस्क्यू' दिसले, तर ग्रबला आपल्या फाईली सापडत नाहीत. विंडोजमधून लिनक्सचा कप्पा पुसला की बहुधा असे होते. तेव्हा बूट मेनूत 'विंडोज बूट मॅनेजर' निवडून पाहा. ग्रबच्या यादीत विंडोजचे नाव नसले, तरी ते गेले असे समजू नका. २०२१ च्या २.०६ आवृत्तीपासून ग्रबने दुसऱ्या प्रणाली आपणहून शोधणे मुळात बंद ठेवले आहे, ते चालू करता येते. 'सिक्युअर बूट'ची तक्रार आली, तर सहीशिक्क्याची अडचण आहे. उबुंटू किंवा मिंटसारखी मान्य सही असलेली प्रणाली घेतली की ती सहसा येत नाही.

आणि हात घालण्यापूर्वी तीन गोष्टी कराव्यात. एक, महत्त्वाचे कागद दुसरीकडे उतरवून ठेवा. दोन, विंडोजमध्ये 'बिटलॉकर'चे कुलूप असेल, तर त्याची ४८ अंकी किल्ली आधी लिहून घ्या. सेटिंग बदलले की यंत्र ती मागू शकते, आणि ती नसेल तर आतले कागद कायमचे गेले. तीन, पडद्यावरची ओळ जशीच्या तशी वहीत उतरवा किंवा तिचा फोटो काढा. 'काहीतरी एरर आला' एवढ्यावरून कोणालाही काही सांगता येत नाही.

आपल्या घरांत एक लॅपटॉप म्हणजे कित्येक महिन्यांची काटकसर. म्हणूनच कोणी 'फॉरमॅट मारावे लागेल' किंवा 'डिस्क गेली' म्हटले, की आधी विचारा, "कशावरून? पेनड्राइव्हवरून चालवून पाहिलं का?" एवढे विचारायला पदवी लागत नाही.

त्या मुलीने सगळ्या पायऱ्या शंभर पानी वहीत उतरवून घेतल्या. पुढच्या रविवारी ती मामेभावाला घेऊन आली. त्याच्या हातात मित्राचा लॅपटॉप होता, पडद्यावर 'ग्रब रेस्क्यू'. आम्ही उठू लागलो, तर ती म्हणाली, "काका, तुम्ही बसा. मी बघते."