हात मोडला? आधी बोटे पाहा!

माणसाच्या शरीरात २०६ हाडे असतात, हे शाळेत सर्वांनीच घोकलेले असते. त्यांपैकी १२६ हाडे, म्हणजे निम्म्याहून अधिक, हातापायांची आणि त्यांना धडाशी जोडणाऱ्या खांद्या-कमरेची आहेत. अहिल्यानगर जिल्ह्यात तर कित्येक घरांचे पोट या हाडांवरच चालते. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची माणसे ऊसतोडीला जातात, अकोले तालुक्यातील माणसे रोज डोंगर चढतात-उतरतात. अशा घरात हात किंवा पाय मोडला, की बहुधा आधी हाडवैद्याची आठवण होते.

‘हाडवैद्याकडे जाऊ नका’ असा उपदेश करणे सोपे आहे. पण तो जवळ असतो, ओळखीचा असतो, थोडक्या पैशांत काम होते. शिवाय त्याने बांधलेले पुष्कळ हात बरेही होतात. ते का बरे होतात, हे मात्र समजून घेतले पाहिजे.

खांद्याची रचना पाहा. पाठीवरचे चपटे, त्रिकोणी हाड आणि गळ्याखालचे आडवे हाड यांच्या आधाराने आपला हात लोंबतो. हाडाला हाड लागून हात धडाशी जोडला जातो तो फक्त एका जागी, गळ्याखालचे हाड छातीला मिळते तेथे. बाकी सारा भार स्नायूंवर. म्हणून हात चौफेर फिरतो; आणि म्हणूनच माणूस खांद्यावर किंवा हातावर आपटला की हे आडवे हाड पटकन मोडते. पण हात झोळीत ठेवला, की बहुतेक वेळा काही आठवड्यांत ते आपोआप जुळते. जुळणे हा हाडाचा धर्म आहे. श्रेय बांधणाऱ्याला मिळते.

कोपराची गोष्ट वेगळी आहे. चिंचेवरून किंवा उसाच्या गाडीवरून मूल हातावर पडले, की दंडाचे हाड कोपराच्या किंचित वर, जेथे ते पातळ असते, तेथे मोडते. नेमकी त्याच्या समोरूनच हाताला रक्त पुरवणारी मुख्य रोहिणी जाते, आजूबाजूला नसा असतात. कोपर सुजते. त्यावर बांबूच्या कामट्या लावून करकचून बांधले, की आतला दाब वाढतो आणि रक्त अडते. सुमारे सहा तासांत स्नायू मरू लागतात. पुढे हाड जुळते, पण बोटे वाकडी होऊन कायमची आखडतात. फोल्कमान या जर्मन शल्यविशारदाने १८८१ मध्येच या व्यंगाचा संबंध घट्ट पट्ट्यांशी जोडला होता. आज त्याला शंभराहून अधिक वर्षे झाली, तरी खेळत्या मुलाचा हात असा जाणे यासारखे दुर्दैव नाही.

हा धोका केवळ कामट्यांचा नाही. दवाखान्यातले प्लास्टरसुद्धा सूज वाढल्यावर आवळू शकते. म्हणून कोणीही बांधलेले असो, बोटे उघडी असावीत आणि घरच्यांनी ती वारंवार पाहावीत. दुखणे कमी होण्याऐवजी वाढत असेल, बोट हळूच सरळ करताच मूल किंचाळत असेल, बोटे गार, पांढरी किंवा निळी पडली असतील, मुंग्या येत असतील, तर पट्टी ताबडतोब सोडा आणि त्याच रात्री दवाखाना गाठा. प्लास्टर असेल तर ते कापून घ्यायलाही लगेच जा. सकाळची वाट पाहू नका. १०८ वर फोन केल्यास रुग्णवाहिका मिळते.

घरातल्या वृद्धांचेही तसेच. आजी न्हाणीत घसरल्या, पाय बाहेरच्या बाजूला वळला, आखूड दिसू लागला, तर खुब्यापाशी मांडीच्या हाडाची मान मोडल्याची दाट शंका घ्यावी. तेथे रक्तपुरवठा तोकडा असतो, त्यामुळे चोळून-बांधून ते सहसा जुळत नाही. बहुधा शस्त्रक्रियाच लागते. महिनोन्महिने अंथरुणावर पडून राहिल्याने जखमा होतात, न्यूमोनिया होतो. मोडलेल्या जागी तेल लावून रगडणे तर कटाक्षाने टाळावे.

माझे स्पष्ट मत असे, की हाडवैद्यांना हिणवून काही साधणार नाही. ग्रामीण रुग्णालयांनी त्यांना बोलावून तीन गोष्टी शिकवाव्यात : आधार द्यावा, पण आवळू नये, बोटे उघडी ठेवावीत, कोपर व खुबा यांचा रुग्ण हात न लावता पुढे पाठवावा. साखर कारखान्यांनीही गळीत हंगामात कोप्यांच्या तळावर प्रथमोपचाराची पेटी आणि रात्रीबेरात्री निघेल असे एक वाहन ठेवावे. उसाच्या टनावारीचा हिशेब ठेवणाऱ्यांना एवढे जड जाऊ नये.

वाचकहो, हाड जुळायला आठवडे लागतात. त्याला तेवढा धीर आहे. रक्त अडलेल्या स्नायूंना मात्र काही तासांचाच धीर असतो. म्हणून मोडलेल्या जागेइतकेच लक्ष बोटांकडेही द्या.