आई, तूही बस परीक्षेला

अकलोली, वज्रेश्वरी, गणेशपुरीच्या ताई-वहिनींनो, आणि त्यांच्या नववी-दहावीतल्या पोरींनो,

रविवारी गरम पाण्याच्या कुंडांवर गर्दी असते. हॉटेलात, लॉजवर, टपरीवर कामाला असलेल्या बाईला त्या दिवशी मान वर करायला फुरसत नसते. म्हणून सोमवारी रात्री जेवणं उरकली की मायलेकींनी मिळून ‘निल बटे सन्नाटा’ हा हिंदी सिनेमा बघा. 2016 चा आहे, दोन तासांच्या आत संपतो.

आग्र्याची चंदा लोकांकडे धुणीभांडी करते. तिची मुलगी अपेक्षा दहावीत, गणितात कच्ची. धुणीभांडी करणाऱ्या बाईची मुलगी तेच करणार, मग शिकून उपयोग काय, असा तिचा हिशेब. चंदा काय करते? त्याच शाळेत, त्याच वर्गात नाव घालते! पोरीला मेल्याहून मेल्यासारखं होतं. आपण मायलेकी आहोत हे वर्गात कळू द्यायचं नाही, असं ठरतं. शेवटी पैज लागते, की गणितात मुलीला आईपेक्षा जास्त मार्क पडले तर आईने शाळा सोडायची. स्वरा भास्कर आणि रिया शुक्ला यांची ही जुगलबंदी बघताना हसून पोट दुखतं आणि मध्येच घशात आवंढा येतो. दिग्दर्शिका अश्विनी अय्यर तिवारी यांनी हीच गोष्ट तमिळमध्येही केली, आणि पुढे मल्याळममध्येही ती निघाली. असल्या अवलिया आया सगळीकडे चालतात म्हणायच्या.

मात्र त्या पैजेच्या नादी घरी लागू नका. सिनेमात पोर अभ्यासाला बसते ती आईला शाळेतून घालवायला.

‘हे सगळं सिनेमात’ असं म्हणाल, तर आपल्याच ठाणे जिल्ह्यात, मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावाकडे बघा. तिथे 8 मार्च 2016 ला योगेंद्र बांगर गुरुजींनी आजीबाईंची शाळा सुरू केली. साठी ओलांडलेल्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून, पाटी-दप्तर घेऊन शाळेत जाऊ लागल्या. सिनेमा लागला तो त्यानंतर दीड महिन्याने. त्या आज्यांना अंगठ्याऐवजी सही करायची होती. तुम्ही तर त्यांच्या लेकी-सुनांच्या वयाच्या, बऱ्याच जणी सातवी-आठवीपर्यंत शिकलेल्या.

चंदासारखं लेकीच्या वर्गात बसायला आपल्याकडे कोणी देणार नाही. पण दहावीला खाजगी बसता येतं. त्यासाठी 17 नंबरचा फॉर्म असतो. निदान पाचवी पास हवी. फॉर्म ऑनलाइन भरायचा, परीक्षेच्या बरेच महिने आधी. तारखा बोर्ड दरवर्षी जाहीर करतं. पास व्हायला साधारणपणे विषयाला 35 मार्क लागतात. पुस्तकं घरात आहेतच, लेकीची.

पोरींनो, आता तुमच्याशी. आई तव्यावर भाकरी टाकून शेजारी बीजगणित उघडून बसेल. पानावर पिठाची बोटं उमटतील, उमटू द्या. ती वर्गसमीकरणाला अडली तर ‘एवढं पण येत नाही?’ म्हणू नका. हे वाक्य ती तुम्हाला रोज ऐकवते हे मला माहीत आहे, तरीही नको. तिला एक उदाहरण समजावून सांगायला गेलात की आपलं स्वतःचं कुठे कच्चं आहे तेही कळतं. आणि मैत्रिणींना बेधडक सांगा, माझी आई पण दहावीला बसतेय. दोन दिवस हसतील, तिसऱ्या दिवशी त्यातलीच एखादी विचारेल, माझ्या आईलाही जमेल का गं?

आयांनो, नापास झालात तर झालात, पुन्हा बसता येतं. नवऱ्याने, सासूने नाक मुरडलं तर फांगण्याच्या आज्यांचं नाव सांगा. आज एवढंच करा, फॉर्मसाठी शाळा सोडल्याचा दाखला ट्रंकेतून शोधून काढा. नसेल सापडत तर जुन्या शाळेत जाऊन दुसरी प्रत मागा, आणि जाताना लेकीला सोबत न्या.