कर्णा की खोका?

घरासाठी भारी स्पीकर घ्यायचे तर आधी खोली मोजावी आणि मग ब्रँड बघावा, असं माझं स्पष्ट मत आहे. आमचे दाजी लवकरच निवृत्त होताहेत आणि आयुष्यभर पुढे ढकललेली ही हौस आता पुरी करणार आहेत. रक्कम लहान नाही, शिवाय ताईच्या हॉलमधली एक भिंत कायमची जाणार! म्हणून हा प्रपंच.

या स्पीकरांची मुख्य घराणी दोन. एक हॉर्नवाल्यांचं, म्हणजे आपल्या भाषेत कर्ण्याचं. दुसरं नेहमीच्या खोक्याचं.

चावीच्या ग्रामोफोनला वीज लागत नसे, तरी गाणं घरभर ऐकू येई ते कर्ण्यामुळे. छोट्याशा पडद्याची थरथर कर्णा बाहेरच्या हवेला नीट पोचवतो. तो नवी ताकद निर्माण करत नाही, आहे ती वाया जाऊ देत नाही, इतकंच. १९३० च्या सुमाराला बोलपटांची थिएटरं थोडक्या वॅटवर चालायची ती याच युक्तीवर. अमेरिकेत पॉल क्लिप्श यांनी १९४६ पासून विकलेला क्लिप्शहॉर्न तर खोलीच्या कोपऱ्यालाच कर्ण्याचा भाग करून टाकतो.

आता जरा हिशोब. एक वॅट दिला की एक मीटरवर साधारण खोका ८६ डेसिबल देतो आणि मोठा हॉर्न १०४ च्या आसपास. फरक १८ डेसिबलचा, म्हणजे वॅटमध्ये सुमारे ६३ पट! खोक्याला जिथे ६० वॅट लागतात तिथे हॉर्नचं एका वॅटवर भागतं. म्हणून आठ-दहा वॅटच्या व्हॉल्व्ह अँप्लिफायरवरही तबल्याची थाप अशी येते, की माणूस दचकतो. हे सुख खोट्यातलं नाही.

दुकानात मात्र सावध राहावं. बटण तिथेच ठेवून स्पीकर बदलला, तर हॉर्न कितीतरी मोठा वाजतो आणि मोठा वाजणारा स्पीकर कानाला नेहमीच चांगला वाटतो. आधी दोन्हींचा आवाज सारखा करायला सांगावं. मग आपली नेहमीची सीडी लावून निदान अर्धा तास विलंबित ऐकावं.

खरी अडचण आहे खर्जाची. ५० हर्ट्झच्या स्वराची लाट जवळजवळ सात मीटर लांब असते. तिच्यासाठी कर्ण्याचं तोंडही तसंच मोठं हवं. म्हणून बऱ्याच मॉडेलांत वर हॉर्न आणि खाली साधा वूफर असतो. या दोघांचा आवाज एकजीव व्हायला मध्ये अंतर लागतं. सहा-सात फुटांवर बसलात, तर गायकाचा आवाज एकीकडून आणि डग्गा दुसरीकडून आल्यासारखा वाटतो.

हॉर्नच्या बाजूने एक मुद्दा मानायलाच हवा. आपल्या घरांत फरशी टाइल्सची, भिंती उघड्या. तिथे आवाज आपटून घुमतो. हॉर्न आवाज समोर रोखून फेकतो, त्यामुळे घुमणं कमी होतं. पण मग वरचे सूर समोरच्या खुर्चीलाच नीट मिळतात. स्वयंपाकघरातून ऐकणाऱ्या ताईने काय करायचं?

दाजी, तुमची ऐकायची वेळ रात्री दहानंतरची, आवाज हळू आणि खुर्ची भिंतीपासून सात फुटांवर. इतक्या आवाजाला खोक्यालाही एक वॅट पुरून उरतो! मग ६३ पटींचं करायचं काय? बारा-पंधरा फूट मागे सरकायला जागा असती, तर मीच हॉर्न घ्या म्हणालो असतो. आत्ता चांगले, मध्यम आकाराचे खोके घ्या आणि एक जाड सतरंजी अंथरा.

उरलेल्या पैशांत दोघं डिसेंबरात सवाईला जा. एवढ्या मोठ्या मांडवात हॉर्नला पर्याय नाही, आणि त्याला हवी तेवढी जागाही तिथे आहे!