सांगणारीचं नाव कुठे आहे?

मैत्रिणींनो, आपल्या जालना जिल्ह्यात पाहणी करणाऱ्यांची कधी वाण पडली नाही. दुष्काळ पडला की येतात, ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या की येतात. पाणी किती लांबून आणता, मजुरी किती, गर्भपिशवी काढली का, नवरा मारतो का? बाया कामं बाजूला ठेवून सगळं सांगतात. अहवाल मात्र गावात परत येत नाही.

आपण तरी वेगळं काय करतो? शिबिरात बाई बोलते, कार्यकर्ती लिहून घेते, लेखाखाली नाव लिहिणारीचं.

एकटीनं लिहिलं की काय होतं, ते शेजारच्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी भोगलं. १८८२ साली त्यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिली. जोतीराव फुल्यांनी त्यांची बाजू घेतली, पण पाठीशी बायांचं संघटन नव्हतं. पुस्तक विस्मरणात गेलं. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा उजेडात आणलं, तोवर नव्वदहून जास्त वर्षं उलटली होती.

याउलट उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून. दोघींनी आंबेडकरी चळवळीतल्या बायांना शोधून बोलतं केलं आणि १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक आलं. संशोधन करणाऱ्या त्याच चळवळीतल्या होत्या आणि सांगणाऱ्या बाया पुस्तकात नावानिशी आहेत.

आपल्याकडे बदनापूर तालुक्यातल्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके हैदराबाद मुक्तिसंग्रामात हत्यार घेऊन लढल्या. त्यांचं नाव तरी उरलं. पण त्या लढ्यात भाकरी पोचवणाऱ्या, निरोप नेणाऱ्या, माणसं लपवणाऱ्या बायांची नावं कुठे आहेत? १९४८ साली वीस वर्षांची असलेली बाई आज शंभरीला टेकली आहे. अजून किती थांबायचं?

म्हणून माझं म्हणणं असं: बचत गटाच्या हिशेबाच्या वहीशेजारी दुसरी एक वही ठेवू या. एकीनं सांगावं, दुसरीनं लिहावं आणि लिहिलेलं सगळ्यांसमोर वाचून दाखवावं. सांगणारी म्हणेल ते खोडावं. नाव द्यायचं की झाकायचं, हे तिनंच ठरवावं. कॉलेजातल्या मुलींनी तारखा आणि कागदपत्रं ताडून पाहावीत. पाण्याचं, मजुरीचं जे निघेल ते ग्रामसभेत मांडावं.

कोणी म्हणेल, अडाणी बायांना हे कसं जमणार? कर्जाचा हप्ता न् हप्ता तोंडपाठ ठेवणाऱ्या बायांना हे विचारू नये.

कोणी म्हणेल, घरातली मारहाण लिहिली तर घरी काय होईल? भीती खरी आहे. एकटीची सही असेल तर तिला गाठून गप्प करता येतं. त्याच कागदावर वीस जणींच्या सह्या असतील, तर दार ठोठवणाराही विचार करतो. सोबत लिहिणं म्हणजे सोबत उभं राहणं. आपलं संघटन त्या वहीतूनच बांधलं जाईल.