परंपरेचे ओझे कोणाच्या डोक्यावर?

आदिवासी मुली उच्च शिक्षणाकडे किती झपाट्याने वळू लागल्या आहेत, याची कल्पना केंद्र सरकारच्या उच्चशिक्षणविषयक पाहणीवरून येते. २०१४-१५ साली देशातील महाविद्यालयांत व विद्यापीठांत अनुसूचित जमातींच्या ७ लाख ४७ हजार मुली शिकत होत्या. २०२१-२२ साली ही संख्या १३ लाख ४६ हजारांवर गेली. १८ ते २३ या वयोगटाच्या तुलनेत त्यांचे प्रमाण याच काळात १२.२ टक्क्यांवरून २०.९ टक्क्यांवर पोचले. सर्व समाजांतील मुलींचे प्रमाण २८.५ टक्के असल्याने अंतर अजून मोठे आहे. तथापि, ज्या समाजातील निम्म्याहून अधिक स्त्रिया २०११ च्या जनगणनेत निरक्षर आढळल्या होत्या, त्या समाजाच्या दृष्टीने ही वाटचाल सामान्य म्हणता येणार नाही.

या मुलींचे कौतुक होऊ लागले तसा त्यांना एक उपदेशही होऊ लागला आहे. ‘खूप शिका, पण आपली संस्कृती विसरू नका,’ असे दर वर्षी ९ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनाच्या व्यासपीठांवरून त्यांना सांगितले जाते. उपदेशामागील हेतू चांगला असतो. परंतु शिकून शहरात नोकरी धरणाऱ्या मुलाला असा जाब क्वचितच विचारला जातो. भाषा, गाणी, पेहराव, सणवार या साऱ्यांची राखण मुलींनी करावयाची, असे गृहीत धरले जाते. म्हणूनच ही राखण करणाऱ्यांच्या पदरात आजवर काय पडले, हे पाहिले पाहिजे.

वारली चित्रकलेचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. पालघर जिल्ह्यातील वारली समाजात लग्नाचा चौक भिंतीवर लिहिण्याचा मान सवाशिणींचा. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने त्या पालघट देवीचा चौक लिहितात, आणि लग्नाचे विधी करते तीही एक स्त्रीच, गाणी म्हणणारी धवलेरी. १९७० नंतरच्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्यासारख्या कलावंतांच्या प्रयत्नाने ही चित्रे भिंतीवरून कागदावर आली आणि त्यांना बाजार मिळाला. त्यानंतर हाती कुंचला घेऊन पुढे आले ते बहुतांशी पुरुष. २०११ साली पद्मश्री मिळविणारे जिव्या सोमा मशे यांचे कर्तृत्व वादातीत आहे. परंतु पिढ्यान् पिढ्या चौक लिहिणाऱ्या सवाशिणींची नावे कोणी नोंदवून ठेवली नाहीत. परंपरा घरात होती तोवर स्त्रियांची राहिली. तिला पैसा आणि नाव मिळताच ती त्यांच्या हातून निसटली. आज कलामहाविद्यालयात शिकणारी वारली मुलगी आजीच्या चौकाचा अभ्यास करू लागली, तर ती गेलेला वारसा हक्काने परत घेत असते.

मुलगी परंपरा विसरते ती महाविद्यालयात गेल्यामुळे, हा समजही तपासून घ्यावयास हवा. कोवळ्या वयात ती आश्रमशाळेत जाते. लग्नसराई आणि वार्षिक परीक्षा यांचे दिवस जवळजवळ एकच. धवलेरीची गाणी कानी पडण्याच्या वयात ती गावापासून दूर असते, आणि पाठ्यपुस्तकात तिच्या भाषेचा शब्दही नसतो. देशात एक कोटीहून अधिक लोक भिली आणि सुमारे तीस लाख लोक गोंडी बोलतात. २००३ सालच्या घटनादुरुस्तीने संथाळी व बोडो यांना आठव्या परिशिष्टात स्थान मिळाले. भिली व गोंडीला ते अद्याप मिळालेले नाही.

शिक्षणालाच माणसाच्या जीवनाप्रमाणे वळविता येते, याचे उदाहरण याच भूमीत आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे काम सुरू केले व १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत, म्हणून त्यांनी कुरणातच शाळा भरविली. बालशिक्षणात जे साधले, ते विद्यापीठांना अशक्य का वाटावे? अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे या महादेव कोळी समाजातील, शाळेची पायरी न चढलेल्या शेतकरी स्त्रीने गावरान बियाणे जपले, आणि २०२० साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली. सन्मान उचितच होता. पण हे ज्ञान कृषिविद्येच्या अभ्यासक्रमात मानाने आले, तर राहीबाईंच्या नातीच्या वयाच्या विद्यार्थिनीला घरचे एक आणि वर्गातले एक, असे दोन कप्पे मनात करावे लागणार नाहीत.

मात्र परंपरा म्हणजे सारेच जपण्याजोगे, असेही नव्हे. १९५६ चा हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही, त्यामुळे मुलीच्या जमिनीच्या वाट्याचा प्रश्न रूढीवर सोपविला गेला. छत्तीसगडमधील एका गोंड स्त्रीच्या वारसांना खालच्या न्यायालयांनी वाटा नाकारला. स्त्रियांना वारसा देणारी रूढी तुम्ही सिद्ध केली नाही, असे त्यांना सांगण्यात आले. १७ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय फिरविला. वाटा नाकारणारी रूढी तरी कोठे सिद्ध झाली आहे, असा न्यायालयाचा सवाल होता. रूढीही काळाबरोबर चालल्या पाहिजेत, असे त्याने बजावले. हा खटला निकाली निघाला तरी प्रत्येक गावी न्यायालय पोचणार नाही. तेथे हा प्रश्न जातपंचायतीपुढे मांडावयाचा, तर कायदाही वाचता येणारी आणि समाजाची बोलीही बोलणारी स्त्री हवी.

शिकलेल्या आदिवासी मुलीकडून समाजाने परंपरेची अपेक्षा जरूर करावी. पण मग त्या परंपरेतील काय ठेवावयाचे आणि काय टाकावयाचे, हे ठरविण्याचा अधिकारही तिला दिला पाहिजे. ओझे तिच्या डोक्यावर आणि निर्णय इतरांच्या हाती, ही वाटणी फार दिवस चालली. साडेतेरा लाख मुली ती यापुढे निमूटपणे मान्य करतील, असे कोणी समजू नये.